कुल्फीच्या पेटीतल्या गारा

परभणीहून आल्यापासून लांज्यात जो भेटतो तो विचारतो, "तिकडे बघण्यासारखं काय आहे?" मी खरं ते सांगते. मी तिकडे गारा बघितल्या, त्याही कुल्फीच्या पेटीत, श्रीखंडाच्या डब्यात, वरून फडकं बांधून ठेवलेल्या. विचारणारा हसतो आणि दुसरा विषय काढतो. म्हणून सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं.

आधी, मी गेले कशाला? मी एका संशोधन प्रकल्पात साहाय्यक आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली. आई काजू फोडायला जाते, बाबा रिक्षा चालवतात, आणि दोघंही सगळ्यांना सांगतात की पोरगी ढगांच्या ऑफिसात आहे. ते फारसं चूक नाही. आमचं काम उंचावरच्या बर्फाच्या ढगांवर चालतं. पाणी शून्य अंशाला गोठतं असं शाळेत लिहून आपण सगळ्यांनी गुण मिळवले. पण ढगातला स्वच्छ, बारीक थेंब शून्याच्या खूप खाली, उणे अडतीसच्या आसपासपर्यंत पाणीच राहू शकतो. त्याआधी गोठायचं तर त्याला काहीतरी आधार लागतो: धुळीचा कण, पानावरचा एखादा जिवाणू, राख. त्या कणावर बर्फ धरतो. आता माणसाने हवेत काय काय सोडलंय बघा. भट्ट्यांचं काजळ, शेतात जाळलेल्या पऱ्हाट्यांची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची राख, ट्रॅक्टरने उडवलेली माती. यातलं काय ढगाला गोठवतं आणि काय नुसतंच वर हिंडत राहतं, याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडेच नाही. पाऊस, गारा, ऊन या सगळ्यांत त्या ढगांचा हात असतो.

आमचे सर म्हणाले, "परभणीकडे जा. तिथे आत्ता सगळं एकदम चालू असेल. हवा भरून आण."

मला त्यांचे आभार कसे मानावेत कळेना. मी कधी कोल्हापूरच्या पुढे गेले नव्हते.

ताडकळस

आठवडी बाजाराचा दिवस होता. आमच्याकडच्या बाजारात शिरण्याआधी सुक्या मासळीचा वास पुढे येऊन भेटतो. इथे गुळाचा, मेथीचा आणि नव्या दोरखंडांचा वास होता. ऊन असं की सावलीसुद्धा गरम लागत होती. आमच्या भाड्याच्या जीपचे चालक वसंतराव परभणीचेच. ते मला एका कोल्ड्रिंकच्या दुकानात घेऊन गेले. दुकानदाराने कुल्फी काढायला पेटी उघडली आणि आतला एक डबा अलगद बाजूला सरकवला.

"श्रीखंडही ठेवता का?" मी विचारलं.

"ते खायाचं न्हाई, म्याडम. सबूत हाय."

"कसला?"

"गारायचा."

त्याने फडकं सोडून दाखवलं. लिंबाएवढे, मळकट पांढरे गोळे एकमेकांना चिकटून बसले होते. मी ढगातल्या बर्फावर काम करते, पण आभाळातून पडलेला बर्फ जन्मात पहिल्यांदा बघत होते. लांज्यात माझ्या आठवणीत गारा पडलेल्या नाहीत. मी हात पुढे केला तर त्याने डबा मागे घेतला.

"हात लावू नका. उत्तमराव मला जित्ता सोडायचे न्हाईत. लाईट गेली की मी बर्फाची लादी आणून घालायलोय. कुल्फी इतळली तर इतळू द्या, गारा इतळल्या न्हाई पायजेत."

मग त्याने सांगितलं ते असं. काही आठवड्यांपूर्वी पुढच्या गावात गारपीट झाली. उत्तमरावांच्या मोसंबीचा कोवळा बार, म्हणजे नुकती धरलेली फळं, सगळा खाली आला. गावाच्या दुसऱ्या टोकाला सोपानरावांची वीटभट्टी आहे. तिच्या धुरामुळेच गारा पडल्या आणि भट्टी बंद करा, असा अर्ज उत्तमरावांनी ग्रामपंचायतीत दिला. गारा पुरावा म्हणून ठेवल्या.

"मोठे साहेब येणार हायेत म्हणं," दुकानदार म्हणाला. "धूर न् बर्फ तपासायला. तेच फैसला करणार."

वसंतरावांनी कुल्फी खाता खाता माझ्याकडे बघितलं. आमच्या सरांनी त्या गावच्या सरपंचबाईंना फोन करून सांगितलं होतं की धूर आणि बर्फाचे ढग यांचा अभ्यास करायला आमचं माणूस येईल. ते माणूस मी होते.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी मला जे प्रेम दिलं ते बघता, त्यांचं भांडण बाहेर नेणं बरं दिसणार नाही.

माझा मुक्काम उत्तमरावांच्याच घरी ठेवला होता. मी संकोचले. ज्याची तक्रार त्याच्याच घरी राहायचं कसं? उत्तमराव उंच, खांद्यावर टॉवेल, बोलणं अगदी अदबीचं. म्हणाले, "म्याडम, आमच्या घरचं खाल्लं म्हून आमच्या बाजूनं बोला असं न्हाई. उद्या सोपानच्या घरचं खा. पण आज जेवा."

त्यांची पत्नी गेल्याला बरीच वर्षं झाली. मुलगा महेश पुण्यात कंपनीत. घरात उत्तमराव आणि सून मीरा, एवढीच माणसं. मीराने ज्वारीची भाकरी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या मसालेदार पिठाची, आमटी वाढली. आमच्याकडे कुळथाची पिठी असते तशी ही दिसायला, पण पहिल्या घासालाच कान गरम झाले. मी भात शोधत होते, तो शेवटी चमचाभर आला, औषधासारखा.

जेवण झाल्यावर मीरा मला परसात घेऊन गेली. तिला सातवा महिना होता. तिने बोट केलं. "ते बगा, ताई. ते माजं म्हायेर."

समोर शेताचा एक तुकडा, एक बाभूळ, आणि पलीकडे भट्टीचा धूर. दोरीवर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा दिसत होतं. सोपानराव तिचे वडील. फिर्यादी आणि आरोपी एकमेकांचे व्याही होते. तिकडे इवाई म्हणतात.

"आई सकाळी लुगडं वाळू घालती, मी इथून बगती," मीरा म्हणाली. "तेवढीच भेट. पैलं बाळंतपण म्हायेरी असतंय आमच्यात. पण माजे आबा म्हणतेत, अर्ज मागं घेतल्याबिगर तेच्या दारात पाय ठेवणार न्हाई. मामा, म्हंजे सासरे, म्हणतेत, भट्टी इजवल्याबिगर पोरगी धाडणार न्हाई. न्यायला म्हायेरचा मुराळी तर यावा लागतो ना? मला भाऊ न्हाई."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणू? सातवा सरायला आलाय. आठव्यात धाडत न्हाईत आमच्यात. तुमी काय बी फैसला द्या ताई, पर तेच्या आत द्या."

मी रात्री सरांना फोन केला. ते म्हणाले, "आपण हवा गोळा करायला आलोय, सुरेखा, निकाल द्यायला नाही." मीही तेच ठरवलं.

पंप

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या गच्चीवर पंप बसवला. तो हवा ओढतो आणि पांढऱ्या गाळणीच्या चकतीवर कण अडकतात. मी खाली रजिस्टरात नाव लिहून यायला गेले आणि वर येईपर्यंत पंपाची पूजा झाली होती. नवं यंत्र, त्याला तसंच कसं चालू करणार? हळद-कुंकू, नारळ, आणि उदबत्तीचा अख्खा पुडा थेट हवा ओढायच्या तोंडात खोचलेला. चकती पिवळी झाली होती आणि तिला मोगऱ्याचा वास येत होता.

कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी हळूच सरपंचबाईंना सांगितलं, "पंपाजवळ धूर नको हं."

ही माझी चूक झाली. तो निरोप गच्चीवरून खाली जाता जाता वाढला. दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्यावरून जाहीर झालं की पाहुण्या म्याडमच्या कामासाठी आज गावात कुणी धूर करायचा नाही. चुली पेटल्या नाहीत. बिडीवाले गावाबाहेर हाकलले गेले. लोकांनी शिळी भाकरी आणि दही खाल्लं. उत्तमरावांना बांधावरच्या पऱ्हाट्या जाळायच्या होत्या, त्या ठेवल्या. ते कळल्यावर सोपानराव मागे कसे राहतील? त्यांनी भट्टीत कोळसा टाकणं थांबवलं आणि माणूस पाठवून कळवलं, "आमच्याकून बी धूर बंद हाय म्हणावं."

आणि मी गच्चीवर उभी. गावात कैक वर्षांत नसेल इतकी स्वच्छ हवा माझ्या पंपात जात होती. मला हवी होती ती रोजची, मळलेली हवा.

शेवटी मी सरपंचबाईंच्या हातून भोंगा घेतला. "ग्रामस्थांना विनंती आहे. कृपया नेहमीसारखा धूर करावा."

मग पारावरून एक म्हातारे ओरडले, "नेमीसारका म्हंजे? आमी काय नेमी धूर करतो का, म्याडम?"

"तसं नाही, काका. जेवढा करता तेवढाच."

"ज्यास्त निघाला तर आमच्या नावावर लावताल!"

त्या संध्याकाळी प्रत्येक घराने शेजाऱ्यापेक्षा कमी धूर करायचा प्रयत्न केला. तो नमुनाही मी जपून आणलाय. त्याच्या पाकिटावर काय लिहावं ते अजून ठरलेलं नाही.

शाळेची खोली

निकाल द्यायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. पण माझ्याजवळ एक पेटी होती आणि ती काय करते हे वसंतरावांनी चहाच्या टपरीवर सांगून टाकलं होतं. पेटीत धातूचा पत्रा असतो. त्यावर पाण्याचे थेंब ठेवायचे, पत्रा गार करत न्यायचा. ज्या थेंबात चांगला आधार देणारा कण असेल तो आधी गोठतो. गोठताना काचेसारखा थेंब एकदम पांढरा होतो. त्यावरून कुठली धूळ बर्फ धरायला तरबेज ते कळतं.

"म्हंजे कुस्तीच झाली," सरपंचबाई म्हणाल्या. "उद्या शाळेत लावू."

"बाई, त्यावरून गारा कुणामुळे पडल्या ते नाही सांगता येणार. ढग कुठून आला, वर काय झालं..."

"ते वरचं ऱ्हाऊ द्या. खालचं तर कळंल?"

मी मीराकडे बघितलं. ती भिंतीला टेकून उभी होती. पोटावर हात ठेवून. मी हो म्हटलं.

शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर पडदा लावून पेटीतलं चित्र त्यावर टाकलं होतं. सोपानरावांच्या घरी मी एकदा जेवून आले होते, पण तेव्हा ते भट्टीवर होते; नीट दिसले ते आता: बुटके, मिशीवर विटेची लाल धूळ, आणि आपल्या भट्टीचं काजळ चांदीच्या वाटीत आणलेलं. उत्तमरावांनी बागेतली माती आणली होती, शेणखत घातलेली, सुकी पानं मिसळलेली. "आमची माती निर्मळ हाय," ते म्हणाले, "बेलाशक लावा." ताडकळसचा दुकानदार गारांचा डबा मांडीवर घेऊन आला. गारेच्या पाण्याला वेलचीचा वास येत होता. शास्त्राच्या दृष्टीने ते पाणी कामातून गेलेलं होतं, हे मी मोठ्याने सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

मी रांगा लावल्या: शुद्ध पाणी, काजळाचं पाणी, मातीचं पाणी, गारेचं पाणी. पत्रा गार व्हायला लागला. शून्य गेलं, काहीच झालं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "शून्यावर गोठतंय म्हून गुरुजीनं मला मारलं हुतं की!"

उणे आठच्या पुढे गेलो आणि पडद्यावर एक थेंब पटकन पांढरा झाला. मग त्याच्या शेजारचा. मग ती रांगच.

"कुणाचा? कुणाचा?"

मातीची रांग होती. उत्तमरावांच्या बागेची.

गारेच्या थेंबांनी मग थोड्याच वेळात माना टाकल्या. काजळाचे थेंब मात्र बराच वेळ तसेच चमकत राहिले. सोपानरावांच्या बाजूची मंडळी बाकावर उभी राहिली. "धीराचा हाय! धीराचा हाय!" कुणीतरी सोपानरावांवर गुलाल टाकला, त्यातला थोडा पेटीतही गेला आणि पुढचे सगळे थेंब त्यामुळे बाद झाले.

मला नवल वाटलं नाही. काजळ या कामात बरेचदा ढिलंच पडतं, आणि कुजलेल्या पानांत, शेणखतात, शेतातल्या मातीत बर्फ धरणारे कण भरपूर असतात. नांगर आणि ट्रॅक्टरने ती माती वर जाते, म्हणजे तीही माणसानेच उडवलेली. हे मी समजावून सांगितलं. पण न्यायाची पद्धत उत्तमरावांनीच मान्य केली होती. ते उठले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मंजूर. गारा माज्या मातीच्या."

मला वाटलं, संपलं. आता मीरा माहेरी जाईल.

पण सोपानराव गुलालासकट पुढे आले. "मग माझ्या भट्टीची बदनामी झाली तेचं काय? आता इवायांनी गारायची माफी मागावी. मगच मी लेकीला न्यायला जाईन."

"गारा माज्याच बागंवर पडल्या," उत्तमराव म्हणाले. "माफी कुणाची मागू? मोसंब्यायची?"

पुन्हा आरडाओरडा. माझ्या पेटीने एका दिवसात भांडणाची फक्त बाजू बदलली होती. मी खाली बसले. रडायलाच येत होतं. एवढं शिकून मी एका बाईला हाकेच्या अंतरावर पोहोचवू शकत नव्हते.

तेवढ्यात मीरा पुढे आली. कोपऱ्यातल्या टेबलावर माझा सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली गारेच्या पाण्यातला गाळ आधीच काचेवर लावलेला होता. तिने वाकून डोळा लावला.

"ताई, हे काळं झुपक्यावानी काय हाय?"

"काजळ."

"आन् हे मातकट?"

"माती. पण कुणाची ते सांगता येत नाही, मीराताई. परभणीची असेल, राजस्थानची असेल..."

तिने हाताने मला थांबवलं. मान वर न करता म्हणाली, "आबा, या. बगा. मामा, तुमी बी या."

दोघं आले, टेबलाच्या दोन बाजूंनी. आधी सोपानरावांनी डोळा लावला, मग उत्तमरावांनी. एकमेकांना धक्का लागू नये याची दोघंही काळजी घेत होते.

"एकाच गारंत दोगं हायेत," मीरा म्हणाली. "तितं वर, बर्फात, दाटीवाटीनं बसलेत. तितं जमलं. हितं खाली का जमंना? मला काय ढगात जाऊन बाळंत व्हायचं का?"

सरपंचबाईंनी पदराने नाक पुसलं.

माहेर

दोघांपैकी कुणी माघार घेतली असं म्हणता येणार नाही. सोपानराव अजूनही उत्तमरावांच्या दारात पाय ठेवणार नव्हते. उत्तमराव अजूनही मुराळी आल्याशिवाय सून पाठवणार नव्हते. तेव्हा सरपंचबाईंनी मार्ग काढला. मी सोपानरावांच्या घरी एकदा जेवले होते, म्हणजे त्यांच्या घरची. मुराळी मी.

मला फेटा बांधला. लांज्याच्या मुलीला परभणीच्या गावात फेटा बांधून बसवलेलं आईने बघितलं असतं तर ढगांच्या ऑफिसावरचा तिचा विश्वास उडाला असता. मी उत्तमरावांच्या ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि शिकवलं होतं तसं म्हणाले, "मीराला न्यायला आलेय."

"आत्ताच आलाव, बसा की," उत्तमराव म्हणाले. तेही शिकवल्यासारखंच. मग सुनेकडे न बघता म्हणाले, "गोळ्या घेतल्या का बग. स्वेटर घे. उन्हाळा हाय, पर घे."

बाभळीजवळून पायवाट आहे, पण मुराळ्याने पायी येणं शोभत नाही. म्हणून जीप निघाली, आणि जीपला रस्ता हवा, म्हणून ती अख्ख्या गावाला वळसा घालून गेली. मीरा पुढे, मी मागे तिच्या कपड्यांची पेटी मांडीवर घेऊन. प्रत्येक दारात बाया उभ्या. मी आजवर केलेल्या प्रवासांत हा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत दमवणारा.

मीराच्या आईने दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पाणी ओवाळलं आणि मग लेकीला धरून जी रडली ती थांबेना. सोपानराव भट्टीकडे तोंड करून उभे होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तिकडं आता सैपाक कोन करणार?"

"माहीत नाही."

"तेला काय येत न्हाई. च्या बी करता येत न्हाई." ते आत गेले आणि डबा घेऊन आले. "एवढा देऊन या. कुणी दिला ते सांगू नका."

जीप पुन्हा गावाला वळसा घालून आली. उत्तमराव ओसरीवर तसेच बसले होते, चूल थंड. मी डबा ठेवला आणि काही सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. भाकरी मोडली, पिठल्याला लावली, एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"हो का?"

"सोपानच्या घरी पैल्यापासून मीठ कमी. लगीन ठरलं तवा बी मी बोललो हुतो." त्यांनी डब्याला झाकण लावलं, हात धुतले, टोपी घातली. "हे तोंडावर सांगावं लागंल. निरोपानं न्हाई सांगता येत असलं."

वसंतरावांनी घाईघाईने जीपचं दार उघडलं.

उत्तमराव डबा काखेत मारून परसातून बाभळीकडे निघालेही होते. मागे वळून म्हणाले, "जीप कशाला काढायलाव? हितं तर हाय."